कुलपातली मोटर

गुरुवारची पूजा आटोपून अलकनंदाबाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या आणि मुलीची प्रॅक्टिकलची फाइल लिहू लागल्या. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये हे तीन वर्षं चाललं होतं. कॉलेजातल्या एका सिनियर विद्यार्थिनीची फाइल समोर ठेवायची, आकडेसुद्धा तेच उतरवायचे. नोएडापलीकडे शेतं सपाट करून उघडलेल्या इंजिनियरिंग कॉलेजात क्षिप्रा जात होती, पास होत होती. काय शिकलीस, हे विचारायची कुणाला पद्धत नव्हती.

क्षिप्राने फाइलवर कॉलेजविरुद्धच्या तक्रारीचा अर्ज ठेवला. "आई, पालक म्हणून सही कर ना. सोमवारी द्यायचाय. आमच्या लॅबला कायम कुलूप. तपासणीची कमिटी आली की मोटरवरचं कव्हर काढतात, बस. लायब्ररीत पुस्तकं नाहीत, सर स्वतःच्या जुन्या वह्या वाचून दाखवतात."

"बाबांना विचार."

"ते म्हणतात, तात्यारावांचं स्थळ आलंय, आत्ता कॉलेजशी वाकडं नको."

रविवारी मयूर विहारहून तात्याराव मुलाला, सुजयला, घेऊन आले. स्वतः निवृत्त इंजिनियर. क्षिप्राच्या बाबांनी, हणमंतरावांनी, लेकीची फाइल कौतुकाने पुढे केली.

"रीडिंग बिल्कुल बरोबर आहेत. तूच घेतलीस?" तात्यारावांनी क्षिप्राला विचारलं.

"नाही काका. मी मोटरला अजून हातही लावलेला नाही. फाइल आईने लिहिलीये."

अलकनंदाबाईंच्या हातातली बशी कलंडली. लग्न मोडलं, असं त्यांना वाटलं. आणि आतून जरा सुटल्यासारखंही झालं.

तात्याराव मनापासून हसले. "अच्छा, म्हणजे डिग्री विहीणबाईंना द्यायला हवी. अगं, तुला कुठे कारखान्यात जायचंय? पत्रिकेवर नावापुढे इंजिनियर छापलं की झालं."

सगळेच हसले. सुजयही.

पाहुणे गेल्यावर क्षिप्राने अर्ज पुन्हा आणला. "आता तर त्यांनाही माहितीये. आता कशाची भीती?"

अलकनंदाबाईंनी पेन उचललं. आतून हणमंतरावांचा फोनवरचा आवाज आला, "मुलगी इंजिनियर होतेय ना, म्हणूनच जमलं."

"साखरपुडा होऊ दे गं. मग करते."

क्षिप्राने अर्जाची घडी घातली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने फाइल ओढून घेतली.

"उरलेलं मी लिहिते. तू आकडे सांग."

आणि अलकनंदाबाई, दोघींनीही न चालवलेल्या त्या मोटरचे, कुणीतरी कुणाकडून उतरवलेले आकडे, खालच्या आवाजात एकेक करून सांगू लागल्या.