एकोणीस कार्डांवरचा एक प्रश्न

कार्डाच्या कोपऱ्यावर खोबरेलाचा डाग होता, आणि शेजारी लिहिलं होतं — म्हातारीने चटई परत का मागितली नाही? लोसालिनीने खालचं कार्ड काढलं. तोच प्रश्न. त्याखालीही तोच... एकोणीस कार्डं, हस्ताक्षरं निराळी, प्रश्न एक. नियम तिचाच : नेमलेली गोष्ट वाचून यायचं, तिच्यावरचा एक प्रश्न लिहून दारात द्यायचा, कार्ड नाही त्याला वर्गात जागा नाही. मुलं वाचून येत नाहीत म्हणून तर तिची कायमची नेमणूक लटकली होती, आणि आज दहाला विभागप्रमुख मागच्या बाकावर येऊन बसणार होते. मेल्यांनी एकमेकांचं उतरवलं, आजच.

"कुणाचं बघून लिहिलंत?"

सगळ्यांच्या माना खाली. थोरांपुढे तोंड उघडायचं नाही, हे टोंगातल्या प्रत्येक आईसारखं तिच्याही आईने तिला शिकवलं होतं — कानशिलात देऊन.

शेवटी सालेसी, थोरांच्या मानासाठी कमरेला गुंडाळतात ती चटई सावरत, उठला. "बाई, वसतिगृहात पुस्तक एकच आहे. ही आना मोठ्यानं वाचते, आम्ही ऐकतो. मग भांडत बसलो. भांडून भांडून हा एकच उरला."

"आणि बाकीचे प्रश्न?"

"त्यांची उत्तरं सापडली की," आना पुटपुटली.

लोसालिनीने कार्डं टेबलावर ठेवली. वाचलं होतं त्यांनी. आणि आपण? चार वर्षांपूर्वीची टिपणं तेवढी चाळली सकाळी, चहा पिता पिता... चटई कुणाची होती? नेली कुणी? दहाला चार मिनिटं. द्यावं काहीतरी ठोकून. बाईंचं बोलणं ही मुलं खोडायची नाहीत, मुकाट लिहून घेतील, प्रमुख मान डोलावतील — आजवर असं कितीदा झालं? आणि तेव्हाही या माना अशाच खाली होत्या, त्या आदराने, की बाईंची लाज राखायला?

बाहेर ओळखीच्या चपला वाजल्या. तिने एक कोरं कार्ड ओढलं आणि तोच प्रश्न त्यावर उतरवून घेतला. विसावं.

"आना," ती म्हणाली, "शेवटचं पान वाच. मी... मलाही ऐकायचंय."

दार उघडलं, पण तिने तिकडे पाहिलं नाही. भीती गेली नव्हती. पण आता ती दारातल्या प्रमुखांची नव्हती, आनाच्या हळूहळू वर येणाऱ्या डोळ्यांत काय दिसेल याची होती.