मंगळवारचे अकरा डोळे

नेत्रमहाराजांनी सहाव्या माणसाच्या डोळ्यावर फुंकर मारली आणि दवाखान्याचा हॉल टाळ्यांनी दणाणला. त्या माणसाने कार्ड हातात घेऊन घडाघडा वाचलं, "सकाळ झाली. डोंगर उजळला. पाखरं जागी झाली. माझे डोळे उघडले."

महिन्यापूर्वी एका मंगळवारी याच दवाखान्यात अकरा जणांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आणि अकराही जणांचा तो डोळा पू होऊन गेला. अवजारं निर्जंतुक केली नव्हती, अशी त्यांची तक्रार होती. सुनावणी सोमवारी होती. महाराजांना दया आली ती नेमकी शनिवारी.

महाराजांचं म्हणणं असं, की नजर कुठे जात नाही, रुसून आत बसते. डॉक्टर तिला हाक मारत नाहीत, म्हणून त्यांना ती सापडत नाही. चांगल्या डोळ्यावर पट्टी, गेलेल्यावर फुंकर, मग हातात कार्ड. वाचून झालं की मॅनेजर लगबगीने कागद पुढे करी : 'दृष्टी परत आली, तक्रार मागे घेतो.' सगळ्यात आधी वाचणारा इसम मात्र त्या अकरांतला नव्हता. तो महाराजांच्याच गाडीतून उतरला होता.

त्या अकरांतल्या अप्पांचा नंबर आठवा होता. सोबत त्यांची मुलगी होती. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात तिचा जन्म गेला होता, त्यामुळे कागद दिसला की नजर आधी तिकडे जाई. सातव्या नंबरच्या शिंपीणकाकूंनी एकदाही न अडखळता कार्ड वाचलं. त्यांनी ते उलटं धरलं होतं.

मग अप्पांची पाळी आली. फुंकर बसली, कार्ड वाचून झालं, आणि त्यांनी मुलीचा हात घट्ट धरला. "दिसतंय गं मला! खरंच दिसतंय!"

मॅनेजरने पेन पुढे केलं.

"थांबा जरा," मुलगी म्हणाली. तिने कार्ड फिरवून पुन्हा त्यांच्या हातात दिलं. "अप्पा, परत एकदा वाचा."

अप्पांनी सकाळपासून पाखरांपर्यंत सगळं खणखणीत वाचलं.

"अप्पा, ही बाजू कोरी आहे."

हॉलमधले लोक माना उंचावून कार्डाकडे बघू लागले. महाराज तेवढे डगमगले नाहीत. "कोऱ्या कागदावरचंही दिसतंय! बघा, दृष्टी किती खोल गेलीय!"

"मग मी वाचलं काय?" अप्पांनी विचारलं.

"ऐकलेलं," मुलगी म्हणाली. "तुमच्याआधी सात जणांनी हेच म्हटलं. पहिला यांचा माणूस होता, बाकीच्यांना ऐकून ऐकून पाठ झालं. काकूंच्या हातात तर कार्ड उलटं होतं."

आपणच त्यांचा डोळा दुसऱ्यांदा काढून घेतला, असं तिला वाटलं आणि रडू आलं.

अप्पांनी पट्टी सोडली. चांगल्या डोळ्याने कार्डाच्या दोन्ही बाजू पाहिल्या, मग मॅनेजरचा कागद सावकाश वाचला.

"मी खोटं नाही बोललो," ते म्हणाले. "दिसावं असं फार वाटत होतं, त्यातच फसलो. गेलेला डोळा फुंकरीने येत नाही. अवजारं का धुतली नाहीत, हे विचारायला उरलेला एक पुरे आहे. सोमवारी मी जाणार."

शिंपीणकाकू मॅनेजरच्या टेबलापाशी आल्या. "आमचे कागद परत द्या."

"ते फाईलला लागले, काकू."

"मग फाईल काढा," असं म्हणून काकूंनी खुर्ची ओढली. "आम्ही बसतो."