उजव्या बाजूची माती

उत्खननात निघालेली कवटी साफ करताना एका वेळी एकच बाजू मोकळी करायची आणि दुसरीकडची माती आधाराला ठेवायची, ही ताईची कामाची रीत. काल डाव्या बाजूला तिला बोराएवढं छिद्र दिसलं. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी उपचार म्हणून दगडी पात्याने ते कोरलं होतं, आणि नव्या हाडाने त्याच्या कडा नदीतल्या गोट्यासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. म्हणजे माणूस त्यानंतर जगला होता. हरखून तिने ते धाकट्या भावाला सांगून टाकलं. त्याच्या डोक्यातली गाठ एकदा काढूनही पुन्हा वाढली होती. उद्याच्या शस्त्रक्रियेला तो तयार नव्हता. हे ऐकून तो हो म्हणाला.

आज तिने उजवी बाजू मोकळी केली. तिथेही छिद्र होतं, पण त्याच्या कडा धारदार होत्या. हाडाला भरून यायला सवडच मिळाली नव्हती.

तेवढ्यात त्याचा फोन आला. "काय गं ताई, तुझे कवटीवाले आजोबा काय म्हणतात?"

खोटं अगदी ओठांवर आलं होतं; ते गिळून ती म्हणाली, "दुसऱ्या वेळी नाही रे वाचले."

"मग काल कशाला सांगितलंस?"

"सगळी माती निघायच्या आधीच बोलून बसले."

"दुसऱ्या वेळी ते आपणहून बसले असतील, की त्यांना धरून ठेवलं असेल?"

"ते हाडावरून कळत नाही."

"मला धरावं लागणार नाही," तो म्हणाला. "जाईन मी. पण तू ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बस. चहाला म्हणूनसुद्धा उठायचं नाही."

"नाही उठणार," ती म्हणाली आणि हात कवटीपासून दूर घेतला.