एका स्पीकरजोडीवर दोन अ‍ॅम्प्लिफायर

सकाळी नऊपर्यंत मी बोलत नाही. नेम आहे, आणि घरातल्यांना त्याची सवय आहे. त्या रविवारी साडेआठलाच जावई नवा अ‍ॅम्प्लिफायर काखोटीला मारून आले. मागून लेक वायरचं भेंडोळं घेऊन.

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. बाहेरच्या खोलीतला जुना अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेला. त्याचे भाग आता शोधूनही मिळत नाहीत.

"बाबा, तुमचा काढायचा नाही हं," जावई म्हणाले. "दोन्ही ह्याच स्पीकरना जोडतो. वाटेल तो लावा."

ह्यांचा चेहरा उतरला. दोघांच्या तारा एकाच स्पीकरला थेट जोडल्या, की एकाचा करंट दुसऱ्यात शिरतो आणि त्याला जाळतो. दुकानात डबा पोचवता पोचवता हे मलासुद्धा पाठ झालं होतं. पण जावयांना नाही कसं म्हणायचं?

"छान, छान," हे म्हणाले.

जावई तारा पिळू लागले. मी ह्यांना डोळ्यांनी खुणावलं. ह्यांनी छताकडे पाहिलं. मी कोपरानं ढोसलं.

"आई काय म्हणतायत?" जावयांनी विचारलं.

"चहा हवाय का, विचारतेय," लेक म्हणाली.

"चालेल की!"

दोन्ही प्लग लागले. जावयांचा हात बटणाकडे गेला. नऊला अकरा मिनिटं होती.

"थांबा! जळेल ते!"

"आई, तुझं मौन!" लेक किंचाळली.

"देवाला मी सांगेन काय ते. अहो, तुम्ही तोंड उघडा आता."

हे ओशाळले. "म्हणजे... असं थेट जोडत नाहीत. मध्ये खटका लागतो. एका वेळी एकच."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं आणलात..."

"आणि तुमचा काढला तर तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून मी हा उपद्व्याप करत होतो!"

लेकीला हसू आवरेना.

ह्यांनी माळ्यावरून खटक्यांचा डबा उतरवला. दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले. जावयांनी उत्साहानं तारेला हात घातला.

"अरे गाढवा, प्लग काढ आधी!" हे ओरडले आणि लगेच जीभ चावली.

जावयांनी मुकाट्यानं दोन्ही प्लग काढले. मग पक्कड ह्यांच्या हातात देत म्हणाले, "आत्ता कसं, लग्नानंतर तीन वर्षांनी बापासारखे बोललात!"