चार बोटं कमी

डिझायनर साहेबांना आयुष्यात एकच खुर्ची नीट ठाऊक होती, ती म्हणजे स्वतःची. बाकी जगातल्या खुर्च्या त्यांनी कागदावर पाहिल्या होत्या. कारखान्यात सगळे त्यांना मागून 'नव्वद अंश' म्हणायचे, कारण गुडघा नव्वद अंश, कंबर नव्वद अंश, कोपर नव्वद अंश, याखेरीज त्यांच्या तोंडून दुसरं काही निघत नसे. हे नाव ठेवलं होतं मिस्त्रींनी. नमुने बनवायच्या खोलीत बावीस वर्षं पाइप कापून आणि वाकवून मिस्त्रींचं एक मत पक्कं झालं होतं, की ज्याला हातोडी धरता येत नाही त्यालाच पेन्सिलीचा माज असतो.

आता नव्वद अंशांनी नवं खूळ काढलं होतं. टेबल वेगळं, खुर्ची वेगळी हे म्हणे जुनं झालं. खुर्ची हाच खांब. तिच्याच अंगातून लोखंडी हात काढायचे, एकावर स्क्रीन, दुसऱ्यावर कीबोर्डचा ट्रे, खाली पाय ठेवायची फळी. खुर्ची वरखाली केली की सगळं लटांबर तिच्याबरोबर वरखाली. गिऱ्हाईक होतं एक तक्रार कार्यालय. तिथं दोनशे माणसं दिवसभर कानाला फोन लावून लोकांच्या शिव्या टाइप करत बसायची. नमुना पसंत पडला की दोनशे नग.

त्या दोनशेंत मिस्त्रींची बायको होती. अकरा वर्षांत तिथल्या खुर्चीनं तिच्या कमरेची पार वाट लावली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, बसणं बदललं नाही तर वर्षभरात नोकरी सोडावी लागेल. त्यामुळे या नव्या खुर्चीकडे ती डोळे लावून बसली होती. रोज विचारायची, "कुठवर आली हो?" आणि मिस्त्री खुर्चीचं सोडून साहेबांची टवाळी करत सुटायचे. तीही हसायची, पाठ चोळत.

मापं घ्यायला साहेब त्या कार्यालयात गेले, तेव्हा फीत धरायला मिस्त्री बरोबर होते. फीत दिसली की शाळेत तपासणी आल्यासारखा एकेक जण ताठ व्हायचा. पोट आत, पाठ मागे चिकटलेली, पाय जुळवलेले. चाळीस माणसं मोजली, चाळीसच्या चाळीस पुतळे. आणि फीत पुढच्या टेबलाकडे गेली रे गेली की तोच पुतळा खुर्चीच्या पुढच्या कडेवर घसरायचा, फोन कान आणि खांद्यात दाबायचा आणि कोपरं पसरून पुढे वाकायचा. पाठ टेकून बसलेलं एकही माणूस त्या दालनात नव्हतं. मिस्त्री मागे वळून बघत होते. साहेब वहीत आकडे लिहीत होते.

"साहेब, ही माणसं अशी बसत नाहीत," मिस्त्री म्हणाले. "पुढे सरकून बसतात. ट्रेचा हात चार बोटं जास्त लांब पाहिजे, नाहीतर ट्रे थेट पोटात."

"चुकीचं बसणाऱ्यांसाठी आपण बनवत नाही, मिस्त्री," साहेबांनी वहीतून मानही वर केली नाही. "तुम्ही वेल्डिंगचं बघा."

बरं, वेल्डिंगचं बघतो! मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ट्रेचा हात म्हणजे एकात एक सरकणारे दोन पाइप. आतला पाइप चार बोटं लांब कापायचा, दहा मिनिटांचं काम. कागदावर नसलेल्या अशा दुरुस्त्या त्यांनी आजवर शेकडो वेळा गुपचूप केल्या होत्या आणि दीडशहाण्यांची अब्रू वाचवली होती. या वेळी केली नाही. जसा कागद तशी वस्तू, सूतभर इकडे नाही की तिकडे नाही. पडू दे उंटावरच्या शहाण्याला चारचौघांत तोंडघशी. मग येतील सगळे झक मारत माझ्याकडे. तीन आठवडे मिस्त्री शीळ घालत काम करत होते. इतकी स्वच्छ जोडणी त्यांच्या हातून कधी झाली नव्हती.

चाचणीच्या दिवशी तक्रार कार्यालयाच्या दालनात मधोमध खुर्ची, भोवती पाच अधिकारी. मिस्त्री पाना घेऊन कोपऱ्यात उभे होते. पाचांतलाच एखादा ढेरपोट्या साहेब बसेल आणि ट्रेमध्ये अडकेल, या आशेनं त्यांना आतून गुदगुल्या होत होत्या. पण मुख्य अधिकारी म्हणाले, "वरच्या मजल्यावरच्या त्या कंबरदुखीवाल्या बाई आहेत ना? त्यांनाच बसवा."

बायको आली. नवऱ्याला बघून तिचा चेहरा उजळला. खुर्चीच्या हातावरून तिनं कौतुकानं बोटं फिरवली आणि पाठ टेकून बसली. मग फोन वाजला, ती सवयीनं पुढे सरकली आणि ट्रेची कड पोटात रुतली. मिस्त्रींना ते स्पष्ट दिसलं. तिनं पोट आत ओढलं, कमरेतून जराशी तिरकी झाली आणि टाइप करत राहिली. पंधरा मिनिटं.

"कसं वाटतंय?" साहेबांनी विचारलं.

तिनं एकदा कोपऱ्याकडे पाहिलं. "छान आहे."

पुढे केलेल्या कागदावर तिनं सही केली. मिस्त्री कोपऱ्यात पाना पुसत राहिले.

संध्याकाळी ती सतरंजीवर पालथी पडली होती, कमरेवर शेकायची पिशवी. मिस्त्री येरझाऱ्या घालत होते.

"छान काय, छान? रुतत नव्हतं?"

"रुतत होतं. पण तुम्ही बनवलेली वस्तू. चार लोकांत माझ्याच नवऱ्याचं काम वाईट म्हणू?"

"माझं काम? अगं, त्या गाढवाचं काम ते! मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, चार बोटं कमी पडणार!"

तिनं सावकाश मान वळवली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

मिस्त्री थांबले. "कागदावर नव्हतं."

"कागदावर नसलेलं कधी केलंच नाहीत तुम्ही? बावीस वर्षं तेच तर ऐकवताय मला." ती पुन्हा तोंड फिरवून पडली. "त्याला बिचाऱ्याला कळलं नाही. तुम्हाला तर कळत होतं."

पिशवी गार झाली होती. मिस्त्री ती उचलायला वाकले. "राहू दे," ती म्हणाली.

सकाळी मिस्त्री साहेबांच्या दारात उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. "साहेब, पाया पडतो, तेवढा हात लांब करू द्या."

साहेबांनी तिची सही असलेला कागद पुढे सरकवला. "बाईंनी स्वतः पसंत केलंय. आता मंजूर नमुन्यात सूतभर जरी फरक निघाला, तरी सगळे नग परत येतील. असं कसं चालेल, मिस्त्री?" आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं.

खोलीत परत येऊन त्यांनी पाइप शिकंज्यात धरला, कागदावरच्या मापाला खूण केली आणि कापला. एकशे नव्याण्णव राहिले.