सख्खं मांजर

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मला महिनाभर माझ्याच इस्त्रीच्या दुकानातून हद्दपार केलं. गिऱ्हाइकांचे कपडे मी रंगीत दोऱ्याच्या टाक्यांवरून ओळखते, चिठ्ठ्या लावत नाही. लोक म्हणतात, काय ही स्मरणशक्ती! खरी गोष्ट अशी की वाचायचं म्हटलं की मला घाम फुटतो. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सून दहावी नापास म्हणून अठरा वर्षं तिला टोमणे मारणारी मी. माझी स्वतःची सातवी पास मीच जाहीर करून ठेवलेली.

कॉलेजला निघताना नातीने तिचा टॅब माझ्या मांडीवर ठेवला. "आजी, गेम आहे. तू राणी. गडाला वेढा पडलाय. ठो-ठो काही नाही, नुसतं वाचायचं आणि उत्तर निवडायचं."

"गेम आहे का परीक्षा?"

पहिले दोन दिवस मी नुसत्या शिव्या घातल्या. बाहेर बर्फ पडतंय एवढं सांगायला गडावरच्या पहारेकऱ्याने अख्खं पान खाल्लं. एकेक अक्षर लावून होईपर्यंत माझ्या चहावर साय धरायची.

तिसऱ्या दिवशी प्रधान म्हणाला, "राणीसाहेब, बायकांना युद्धातलं काय कळतं?" खाली तीन उत्तरं. दोन अगदीच मिळमिळीत. तिसरं वाचलं: "तुमच्या मिशीएवढी अक्कल असती, तर वेढा पडलाच नसता." असं जोरात दाबलं की टॅब घसरून जमिनीवर! लिहिणारा माझ्या दुकानात बसून गेला असणार, दुसरं काय.

मग मी सुटलेच. जेवायची हाक आली की सांगायचे, "थांबा, दरबार भरलाय."

एका दुपारी गडाच्या दाराशी माऊ आली. 'माऊ दाराशी उभा आहे. दोन दिवसांचा उपाशी आहे.' माऊ उभा? उभी म्हण की मेल्या! लिहिणाऱ्याच्या शाळेची मला कीव आली. कोठारात धान्य उरलेलं मूठभर, त्यात हे मांजर कुठे पोसू? 'हाकलून द्या' दाबलं आणि पुढे गेले.

दोन दिवसांनी गडावरची म्हातारी स्वयंपाकीण राणीसमोर रडायला लागली. तिचं वाक्य लावता लावता माझा जीव गेला. 'स-ख्ख्या'. अडीच अक्षरांनी अर्धा तास खाल्ला. सख्खं मांजर कुणाचं असतं? पुढचा शब्द 'मावाला'. म्हणजे काय? मग नीट पाहिलं. त्या अक्षराच्या डोक्यावरची रेघ तुटलेली होती.

भावाला. राणीच्या, म्हणजे माझ्याच सख्ख्या भावाला मी बर्फात हाकललं होतं.

एवढ्याशा काचेतल्या माणसासाठी मी रडतेय, हे कुणी पाहिलं असतं तर! मागे जायचं बटण होतं, पण तिथे आधीच्या टप्प्यांच्या नावांची ही लांबलचक यादी. पुन्हा चुकले तर असलेलाही डाव जाईल. नात संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. तोवर त्याला बर्फात ठेवू?

घरात सून एकटीच.

"अगं," मी हाक मारली, "इकडे ये जरा. हा भ आहे का म?"

ती ओल्या हातांनी आली. टॅबकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भ. आई, तुमची ती सातवी..."

"दुसरी. तीही अर्धी. हसायचं तर आताच हसून घे."

ती हसली. चांगली पोट धरून, भिंतीला टेकून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "सरका, राणीसाहेब," आणि पलंगावर शेजारी बसली.

तिने यादी वाचली, डाव मागे नेला. भाऊ पुन्हा दाराशी उभा. मी आत घेतला, चुलीपाशी बसवला. तो बोलायला लागला, सून वाचून दाखवायला लागली आणि मध्येच थांबली.

"आई, मला हा लबाड वाटतोय. शत्रूने पाठवला असेल."

"माझा भाऊ आहे तो. तू वाच."