एसीच्या डब्यामागचं घरटं

यशश्रीच्या अंगावर पहिल्यांदा पुरळ उठलं तेव्हा सगळ्यांनी खुशाल डासांवर खापर फोडलं. इंदिरानगरात डासांना काय तोटा! पण डास चावला तर एखादी गांधी उठते, फार तर चार. इथे दीड वर्षाच्या पोरीच्या पोटावर, काखेत, मानेच्या वळीत मोहरी सांडावी तसे लाल ठिपके. पोर खाजवून खाजवून रडकुंडीला यायची आणि चावणारा मात्र कुणाच्या दृष्टीस पडत नव्हता.

मग तिच्या आईनं, स्वानंदीनं, कंबर कसली. ढेकूण असतील म्हणून गाद्या गच्चीवर उन्हात टाकल्या, पलंगाच्या फळ्या उचकटून सांध्यांत उकळतं पाणी ओतलं. कडुलिंबाचा धूर केला, तर घरातली माणसंच खोकून बेजार झाली. फवारणीवाला आला, बॅटरी घेऊन पलंगाखाली सरपटला, "ढेकूण नाहीत, मॅडम," म्हणाला, आणि तरी ढेकणांचंच औषध मारून गेला. कातडीच्या डॉक्टरांना खरजेचा संशय आला. "घरात आणखी कुणाला खाज येते?" त्यांनी विचारलं. स्वानंदीनं शेजारी बसलेल्या सासूकडे पाहिलं.

"छे, मला नाही हो काही," सरोजिनीबाई म्हणाल्या आणि पोलक्याची बाही त्यांनी हळूच खाली ओढली.

त्या बाहीखालचा दंड लालेलाल होता. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ना, तसं घर पलंगामागे लागलं होतं, आणि आग कुठे आहे ते या बाईला ठाऊक होतं!

त्यांनी किडे पाहिले होते. आपल्या खोलीच्या खिडकीत त्यांनी पांढरा पंचा वाळत टाकला होता. त्यावर धूळ बसली म्हणून झटकायला गेल्या, तर धूळ चालायला लागली. टाचणीच्या टोकाएवढे जीव, काही राखाडी, काही लालबुंद. एक चिरडला तर बोटाला रक्त लागलं. खिडकीच्या फटीतून ते आत येत होते, बाहेर भिंतीवर टांगलेल्या एसीच्या डब्याकडून. त्या डब्यामागे पारव्याचं घरटं होतं आणि घरट्यात दोन पिल्लं. दुपारी नातीला पोटाशी घेऊन सरोजिनीबाई त्याच खिडकीखाली निजायच्या. त्यांनी पंचा खसाखसा धुतला आणि कुणाला अवाक्षर सांगितलं नाही.

कारण ते घरटं त्यांच्या दृष्टीनं नुसतं घरटं नव्हतं. त्यांचे यजमान ढुंढिराजगुरुजी, रामकुंडावरचे उपाध्ये. उभं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांच्या आईबापांचे दहावे केले. कावळा पिंडाला शिवेना की घरचे लोक घाबरे व्हायचे, गुरुजी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "काही राहिलंय त्यांचं मनात. बोला, शब्द द्या." आणि दिवाळीच्या तोंडावर ते स्वतः गेले, तेव्हा त्यांच्या पिंडाला एक कावळा फिरकला नाही! ऊन चढलं, मुलानं, मयुरेशनं, येईल ते वचन देऊन पाहिलं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि मंडळी घरी आली. बायकांनी घाटावर जायचं नाही, म्हणून सरोजिनीबाई घरीच बसलेल्या. तिथेच त्यांनी हे ऐकलं. काय राहिलं होतं ते मला ठाऊक होतं, मला न्यायचं होतं ना, मी बोलले असते, असं त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं. पण कुणी विचारलंच नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीच्या याच खिडकीत पारवा येऊन बसला. मान वाकडी करून त्यानं आत, थेट पलंगाकडे पाहिलं. कावळा नाही तर नाही! सरोजिनीबाईंनी जाळी सरकवली, चिमूटभर तांदूळ ठेवले आणि घाटावर द्यायचा होता तो शब्द, नातीला मी जिवापाड सांभाळीन, त्या पारव्याला दिला. तेव्हापासून रोजचा तो नेम झाला. पुढे त्यानं जोडी आणली, काड्या आणल्या. स्वानंदीनं एकदा घाणीबद्दल कुरकुर केली, तर मयुरेश म्हणाला, "राहू दे गं. आईला तेवढाच विरंगुळा."

आणि आता तोच विरंगुळा नातीचं रक्त पीत होता. पिल्लं उडाली की सगळं आपोआप थांबेल, अशी सरोजिनीबाई मनाची समजूत घालत होत्या. नातीला खिडकीपासून दूर निजवत होत्या, खोबरेल चोळत होत्या. पण पोरीनं एक दिवस मान ओरबाडून रक्त काढलं आणि स्वानंदीचा धीर सुटला.

"आई, माझ्याच्यानं आता बघवत नाही," ती म्हणाली. "गुढीपाडव्यापर्यंत थांबते. नाही थांबलं, तर यशूला घेऊन मी पुण्याला आईकडे जाते. परत कधी आणायचं ते मग बघू."

गुरुजी गेल्यावर सरोजिनीबाईंना जेवायला, उठायला, बोलायला लावलं होतं ते यशश्रीनं. ती गेली तर या घरात त्यांनी करायचं तरी काय?

दुसऱ्या दिवशी मयुरेश अंबडला कारखान्यात गेला, स्वानंदी यशश्रीला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेली. सरोजिनीबाईंनी खिडकी उघडली. पिल्लांना जेमतेम पंख फुटत होते. त्यांनी चोची वासल्या. खायला देणाराच हात तो, भ्यायची कशाला? "अहो, रागावू नका," सरोजिनीबाई म्हणाल्या. "तुम्हाला ती पोर माझ्याइतकीच प्यारी होती. जा आता तुम्ही." बोलता बोलता त्यांना हुंदका फुटला. घरटं पिल्लांसकट त्यांनी खोक्यात ठेवलं आणि कामाच्या लताबाईंना खाली बागेत आडोशाला ठेवून यायला सांगितलं.

"मांजरं हायेत ओ खाली, आजी," लताबाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे. जा."

त्यांनी खिडकीबाहेरचा कट्टा पाण्यानं धुतला, खिडकी घट्ट लावली आणि डोक्यावरून आंघोळ केली. पारवा आला, रिकाम्या जागेवर गोल गोल फिरला, काचेवर चोच मारत राहिला. सरोजिनीबाईंनी पडदा ओढून घेतला. मोठं पाप केलं, पण पोर राहील, एवढंच त्या स्वतःला बजावत होत्या.

पोर राहायची होती कुठली! दोन दिवसांत आगीतून फुफाट्यात पडल्यासारखं झालं. यशश्रीच्या तोंडावर, पापण्यांवर, तळपायांवर ठिपके उठले, ती तापानं फणफणली. मयुरेशला चावलं, स्वानंदीला चावलं. आणि सरोजिनीबाईंच्या खोलीत चादर बदलताना स्वानंदीला ती चालणारी धूळ दिसली. तिनं चिकटपट्टीवर काही किडे धरले, मोबाइलवर फोटो मोठा करून पाय मोजले, तासभर वाचत बसली. मग उठून तिनं खिडकी उघडली.

"इथलं घरटं कुठे गेलं?"

"मी काढलं," सरोजिनीबाई म्हणाल्या.

स्वानंदी पलंगावर बसणार होती, पण चादरीवरचे किडे आठवून उभीच राहिली. "आई, हे पक्ष्यांच्या अंगावरचे किडे. आतापर्यंत बहुतेक पिल्लांवर पोसत होते, चुकून थोडे आत यायचे. पिल्लं गेली, तर सगळेच उपाशी आत शिरले. आधी औषध मारून मग घरटं हलवायचं असतं. पण तुम्ही काढलंत का?"

स्वानंदीनं त्यांची बाही वर सारली. नवे लाल ठिपके होते, आणि त्यांच्याखाली जुने, खाजवून काळे पडलेले डाग.

"डॉक्टरांनी विचारलं होतं, आई."

"हो."

"मी तीनदा खरजेचं मलम चोळलं तिला. रडत होती ती, तरी हात धरून चोळलं."

तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मयुरेश दारात उभा होता. "आई, पारवा होता तो," तो म्हणाला. "बाबा नव्हते."

"ठाऊक आहे रे मला," सरोजिनीबाई म्हणाल्या. "पण दुसरं कोण आलं होतं त्यांच्याकडून?"

मयुरेश बॅगा काढायला गेला.

संध्याकाळी गाडी आली. स्वानंदीनं सगळे कपडे गरम पाण्यातून काढून कडक इस्त्री करून भरले होते. सरोजिनीबाई फाटकापर्यंत उतरल्या. आईच्या खांद्यावरून यशश्रीनं त्यांना पाहिलं, सुजलेल्या डोळ्यांनी हसली आणि "आजी" म्हणत दोन्ही हात पुढे करून झेपावली. स्वानंदी क्षणभर थांबली. सासूकडे पाहत राहिली. ती नको म्हणाली नाही.

सरोजिनीबाईंनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"मला नको गं, बाळा," त्या म्हणाल्या. "माझ्या लुगड्यात असतील."

पोर रडत गाडीत बसली. गाडी वळली तरी सरोजिनीबाईंचे हात पाठीमागेच होते.